सात बायांचा आरसा

मी एक आरसा आहे, मित्रांनो, पण मला जुना म्हणाल तर ते खपणार नाही. भिंतीवर चढून मला पाच वर्षंसुद्धा झालेली नाहीत. तरी जे पाहायचं ते सगळं पाहून झालं आहे.

माझा जन्म गोखिवऱ्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. एका मोठ्या काचेचे सहा कोनांचे सात तुकडे कापले, कडा घासल्या आणि फळीवर बसवले. एक मध्ये, सहा भोवती, मधमाशीच्या पोळ्यासारखे. मधून सोनेरी पट्टी फिरवली. भोवतीचे सहा तुकडे जरासे आत कलते ठेवले, म्हणून माझ्यापुढे एक माणूस उभं राहिलं की सात दिसतात. कोणी सरळ बघतं, कोणी खाली, कोणी तोंड फिरवून. बाथरूममधल्या आरशाला हे जमायचं नाही. तो एक तोंड दाखवतानाच घामाघूम होतो.

मला घरी आणलं एलिनाने. उमेळ्यात तिच्या सासरची केळीची वाडी होती, तिथे बिल्डिंग झाली आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना नवं घर मिळालं. एलिनाला घर सजवायची भारी हौस. हॉलची एक भिंत तिने करड्या रंगाने रंगवली, वर दिवा लावला, खाली चपलांचं कपाट ठेवलं आणि मध्ये मला टांगलं. तिची सासू बर्था लाल लुगड्याचा पदर खोचून बघत होती. म्हणाली, फुटका आरसा लोक दाराबाहेर टाकतात, आमच्या सुनेने दुकानातून आणला.

मला राग आला. पण बाईची जीभ माझ्याच जातीची होती, म्हणून मनातून आवडलीसुद्धा.

घराला आशीर्वाद द्यायला फादर आले, पाहुणे आले. बायका माझ्यापुढे उभ्या राहून म्हणत, काय सुंदर आहे. मला म्हणत की स्वतःला, ते मी विचारलं नाही. एलिना रोज मऊ फडक्याने मला पुसायची. ते माझे चांगले दिवस.

मग बर्था विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग दिवस. एकदा नातेवाइकांसमोर मुलालाच तिने विचारलं, तू कोणाचा? फेबियन हसला, पण नंतर बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिला.

एका संध्याकाळी ती माझ्यासमोर थांबली आणि तिने आपला पदर सारखा केला. "आलात का गो बायांनो," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरलात."

मित्रांनो, बिल्डिंग होण्याआधी तिच्या आळीत एक क्रूस होता. मे महिन्यात आळीतल्या बाया रोज संध्याकाळी तिथे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, जमत. एकीने 'नमो मरिये'चा पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी मिळून दुसरा. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटायचे. आळी गेली. काही बाया वारल्या, काही मुलांबरोबर दूर राहायला गेल्या. आणि इथे बर्थाला माझ्यात सात बाया दिसल्या, लाल लुगड्यातल्या. वरची कार्मिन, खालची लूर्डस, ती मान वळवलेली कॅथरिन. तिने सगळ्यांना ओळखलं, फक्त स्वतःला नाही.

तिने पहिला भाग म्हटला. सातही बायांचे ओठ तिच्याबरोबर हलले. मग ती दुसऱ्या भागासाठी थांबली. सातही तोंडं मिटली.

मी चेहरा देऊ शकतो, मित्रांनो. आवाज देऊ शकत नाही. इतका मिरवलो मी, पण त्या संध्याकाळी मला माझी लाज वाटली.

तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. एलिनाकडून तिने चणे उकडून घेतले आणि चपलांच्या कपाटावर वाटी ठेवली. कोणी एक दाणा उचलला नाही. मग तिच्या मनाने घेतलं की बाया रुसल्या आहेत. आळीत बिल्डरला वाडी पहिली तिने दिली होती. बाकीच्यांनी तिच्यामागून दिल्या.

"विहीर खारी झाली होती," ती माझ्याशी भांडायची. "केळी उभी जळाली. तुमच्यातल्या कोणी येऊन बघितलं का? आता तोंड फिरवून बसल्यात." आणि मग हळूच म्हणायची, "बोला गो. शिवी द्या, पण बोला."

ज्या बाईने जन्मात कोणाची मनधरणी केली नाही, ती काचेची करत होती.

फेबियनला ते बघवेना. त्याने माझ्यावर चादर टाकली. त्याला वाटलं, दिसणार नाही तर ती विसरेल. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण आपल्या आईचं दुःख झाकलं म्हणजे मिटलं, असं समजणारे मुलगेच असतात. चादरीआड मला दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. बर्था घरभर फिरायची, बाया कुठे गेल्या म्हणून विचारायची. तिने जेवण सोडलं. एका संध्याकाळी चण्यांची वाटी घेऊन ती एकटीच खाली उतरली. वॉचमनला ती गाड्यांच्या मध्ये सापडली. क्रूस कोणी नेला, म्हणून ती त्याच्यावरच ओरडत होती.

त्या दिवशी एलिनाने चादर ओढून काढली. फेबियन काही बोलणार होता. ती म्हणाली, "आरसा मी आणलाय. काय करायचं ते मी बघते."

बर्था समोर आली. बायांना पाहून तिचे डोळे भरले. तिने पहिला भाग म्हटला आणि थांबली. तेव्हा एलिना तिच्या खांद्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "पवित्र मरिये, देवाच्या माते..." ऑफिसच्या धावपळीत रोझरीला कधी न बसलेली ती. पण तिने पूर्ण म्हटलं, आमेनपर्यंत.

माझ्यात लाल लुगड्यांच्या मागे सात एलिना उभ्या होत्या. बर्था सगळ्यांकडे बघत राहिली.

"बोलल्या एकदाच्या," ती म्हणाली. वाटीतले चणे तिने एलिनाच्या हातावर ठेवले. "तू नवी दिसतेस. कोणाची गो तू?"

"फेबियनची बायको."

"मग त्याला सांग, आई रोझरीला गेलीय. यायला उशीर होईल."

फेबियन स्वयंपाकघराच्या दारात होता. त्याने ऐकलं, आणि तो आत वळला.

त्यानंतर रोज संध्याकाळी एलिनाने उत्तर दिलं. बर्था जेवायला लागली. पावसाळा सरला आणि बर्थाही गेली, झोपेत, कोणाला त्रास न देता. घरात मयत झालं म्हणून मला पुन्हा झाकलं. या वेळी मी तक्रार केली नाही.

चादर निघाली त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्यावर धूळ बसते, एक पट्टी सुटत आली आहे. त्याचं मला काही नाही. तुम्ही मला पुसा, असं मी सांगायला आलो नाही. काल संध्याकाळी एलिना माझ्यापुढे उभी राहिली. चणे तिने सवयीने भिजत घातले होते. तिने पहिला भाग म्हटला आणि थांबली. सात एलिनांची तोंडं मिटली. मला पुन्हा तीच लाज वाटली.

मग मागून फेबियनचा आवाज आला. "पवित्र मरिये, देवाच्या..." तो तिथेच अडला. पुढचे शब्द त्याला आठवेनात.

मित्रांनो, घरात कोणीतरी रोज पहिला भाग म्हणत असतं. ते आहे तोवर दुसरा भाग शिकून घ्या.