तार्यैचे मनगट

धबधब्यातल्या यक्षाकडून शिकलेली फिडलची गत कधी संपत नाही, ही डोंगरातल्या एका दरीतली श्रद्धा संगीतकार श्यूर मायडेल याला ठाऊक होती. वादक त्या गतीत एकदा उतरला की आपण होऊन परतत नाही. जिवाभावाच्या माणसाला त्याच्या हातून फिडलचा गज काढून घ्यावा लागतो. त्या दरीत ही गत वाजवणाऱ्या वृद्ध तार्यैच्या हातून तो चाळीस वर्षे त्याची पत्नी गुनव्होर काढून घेत आली होती.

श्यूरने तार्यैला मुख्य वादक ठेवून ती गत वाद्यवृंदासाठी बांधली आणि तिला स्वतःचा भव्य शेवट रचला. बॅर्गन शहरातल्या सभागृहात तालमीच्या पहिल्याच दिवशी गुनव्होर स्टूल घेऊन मंचावर आली, तेव्हा तो अवघडला.

“बाई, लोक तिकीट काढून येणार. तुम्हाला विणकाम घेऊन इथे बसलेलं पाहून हसतील हो.”

“हसू देत की. मी वाजवायला बसत नाही, याला थांबवायला बसते.”

“कुठे थांबायचं ते मी लिहिलंय.”

“लिहिलं असेल, साहेब. याला वाचता कुठे येतं?”

तार्यै खदखदून हसला. “चाळीस वर्षं ही मला गत पुरी करू देत नाही. एकदा तरी वाजवू दे, म्हातारे!”

गुनव्होर हसली नाही. तिची रवानगी वरच्या सज्जात झाली. तालमीत गत तुकड्यातुकड्यांनी वाजली, तार्यै दर वेळी थांबला आणि श्यूरची शंका फिटली.

प्रयोगाच्या दुपारी शेवट आला. तुताऱ्या गर्जल्या, श्यूरची छडी खाली आली, साठ वादक एकदम थांबले. तार्यै थांबला नाही. फिडलच्या तरफेच्या तारांतून खोल पाण्याचा घोष उठत होता, आणि त्याचे उघडे डोळे जिथे कोणीच नव्हते तिथे खिळले होते. वादन चालू असताना दार उघडायचे नाही, या नियमाने द्वारपालाने सज्जाचे दार अडवून धरले होते. गुनव्होर आतून ते ठोठावीत होती.

अखेर श्यूरनेच पुढे होऊन गज काढून घेतला. नाद थांबला, हात थांबला नाही. रिकामी मूठ हवेत त्याच लयीत फिरत राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा कुठे दार उघडले.

गुनव्होरने धावत येऊन त्याचे मनगट दोन्ही हातांनी धरले. “तार्यै, झालं रे. चल घरी.” अनोळखी वाटसरूकडे पाहावे तसे त्याने तिच्याकडे पाहिले.

“गज तेवढा काढलात, साहेब,” ती म्हणाली. “माणूस आतच राहिला.”

वसंतात श्यूर दरीत गेला. तार्यै उंबऱ्याबाहेर बसला होता. हात फिरत होता. श्यूर क्षमेचे शब्द जुळवू लागला, पण गुनव्होरने ते पुरे होऊ दिले नाहीत.

“बसा. मला तव्यावर लेफ्सेच्या पोळ्या टाकायच्यात. मनगट धरा याचं, सोडू मात्र नका.”

त्याने धरले. कातडीखाली गत स्पष्ट चालली होती. एकेक वळण त्याला ओळखू येत होते. मग ओळखीची वळणे संपली. त्याने जिथे शेवट लिहिला होता ते स्थान कधीच मागे पडले होते, आणि पुढचे त्याला काहीच ठाऊक नव्हते.