मूळ वळण

अतिनील दिव्याखाली कागद धरून शंकरप्पा बराच वेळ उभे होते. जिथे काळसर ठिपका दिसायला हवा, तिथे काहीच नव्हतं. उसाची मळी घातलेल्या द्रवात जंतू मात्र उदंड वाढले होते.

शंकरप्पा सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवत. दुधनीकडच्या मातीतून त्यांनी हे जंतू वेगळे काढले होते. कुठलाही जंतू इनोसिन नावाचं द्रव्य स्वतःपुरतंच बनवतो. अतिनील किरणांचा मारा करून शंकरप्पांनी असा एक जंतू मिळवला होता, ज्याला थांबणंच ठाऊक नव्हतं. तो इनोसिन बनवत राही, बाहेर टाकत राही; कागदावर उमटणारा काळसर ठिपका त्याचाच. त्याचं औषध होणार होतं. ऐन उमेदीची वर्षं त्यातच गेली होती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वीज सारखी जायची. फ्रिजमधल्या राखीव नळ्या कोमट होत राहिल्या. त्या उबेत काही जंतू मूळ वळणावर गेले, पुन्हा स्वतःपुरतंच बनवू लागले. त्यांची वाढ जोमाची, बाकीचे मागे पडून संपले. सकाळपासून शंकरप्पांनी प्रत्येक नळी तपासली. सगळीकडे तेच.

दुपारी पुण्याच्या औषध कंपनीचे साहेब आले. त्यांनी होकार दिला, तरच प्रयोगशाळेची खोली राहणार होती. माणूस भला होता. सगळं ऐकून म्हणाला, गेल्या वर्षीचा ठिपक्याचा कागद द्या, वरच्यांना तेवढा पुरे. जंतूचं पुढे बघू. शंकरप्पांनी कपाटातून कागद काढला, हातात धरला आणि परत ठेवला.

"तो जंतू आता नाही," ते म्हणाले. "नाही त्याचा कागद कसा देऊ?"

साहेब चहा घेऊन गेले.

नवरा जेवायला आला नाही म्हणून कमलम्मा डबा घेऊन आली. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "पुन्ना करता येत न्हाय व्हय?"

"येतं की. पण लई वर्सं लागतील. आन् खोली कुटं राह्यली आता?"

तिनं डबा टेबलावर ठेवला. जिवंत जंतू मोरीत ओतता येत नाहीत, म्हणून शंकरप्पांनी सगळ्या नळ्या वाफेच्या भांड्यात रचल्या, झाकण आवळलं आणि स्टोव्ह पेटवला. दोघं स्टुलांवर बसून शेंगाचटणी-भाकरी खात राहिली. वाफ उतरल्यावर त्यांनी झाकण काढलं, नळ्यांतलं गढूळ पाणी मोरीत ओतलं आणि एकेक नळी ब्रशनं आतून घासायला घेतली. कमलम्मानं पदर खोचला आणि ती धुतलेल्या नळ्या फडक्यावर उपड्या घालू लागली.