हळे ड्रायव्हर हाकी

पुण्याची माणसं परगावी गेली की तिथली भाषा शिकत नाहीत, तपासतात. नंदूनेही बेंगळुरूला आल्याआल्या कन्नड तपासली आणि निकाल देऊन टाकला, की ही अर्धी मराठीच आहे, उरलेली अंदाजाने कळते. 'स्वल्प', 'सरी', 'मोदलु', 'मत्ते' एवढ्या भांडवलावर तो रिक्षावाल्यांशी वाद घालू लागला. त्याचा ऑफिसातला मित्र प्राणेश चुकून इंग्रजीत बोलला, की नंदू त्यालाच दटावायचा, "माझ्याशी कन्नडच बोलायचं." अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

पुढे नोकरी सोडून नंदूने कोरमंगलातल्या खोलीत स्वतःचा धंदा सुरू केला. इमारत बांधण्याआधीच ती कॉम्प्युटरवर उभी करायची आणि मालकाला पडद्यावर तिच्यातून फिरवून आणायचं, असा तो धंदा. फिरायला मालक मात्र मिळेना. पुण्यात त्याच्या वडिलांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि तेव्हापासून दर फोनवर ऐकवत, "कार्डांवरच पोट भरायचंय ना? मग इथली कार्डं काय वाईट आहेत? दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर गुमान परत ये." नंदूला त्या दुकानाची मनापासून धास्ती होती. 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे वाक्य जन्मभर तपासत बसायचं, या कल्पनेने त्याला घास जात नसे.

दसरा उलटला आणि शहराच्या उत्तर टोकाच्या येलहंक्याहून बोलावणं आलं. तिथल्या जुन्या मराठी मंडळींना आपलं मंगल कार्यालय पाडून नवं बांधायचं होतं. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेली ही माणसं, घरात मराठी बोलत, पण अशी की पुणेकराने कानात बोट घालून पुन्हा ऐकावी. रविवारी सकाळी समितीला पडद्यावर कार्यालय दाखवायचं, आवडलं तर काम नंदूचं. हे गेलं तर दिवाळी पुण्यात, आणि नंतरच्या सगळ्याच दिवाळ्या.

नंदूने जीव ओतून कार्यालय उभं केलं. पाट्यासुद्धा मराठीबरोबर कन्नडमध्ये लिहिल्या आणि त्या कुणालाही न विचारता लिहिल्या. पंचाईत झाली ती मशीनची. एवढं मोठं कार्यालय पेलायला नवं, ताकदीचं कार्ड हवं होतं. पण समितीच्या जुनाट प्रोजेक्टरची वायर फक्त त्याच्या जुन्या कार्डातच बसत होती. मधे जोड लावून पाहिला, तर सगळं कार्यालय गुलाबी दिसू लागलं. म्हणून त्याने दोन्ही कार्डं एकाच डब्यात बसवली. दोन वेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. ड्रायव्हर म्हणजे कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम. एक ड्रायव्हर जागा झाला की दुसरा रुसायचा आणि दोघे एकदम जागे झाले की पडदा काळा.

रविवारी येलहंक्याच्या कार्यालयात मशीन जोडली, तेव्हाही समोरचा मोठा पडदा काळाच; नंदूच्या छोट्या मॉनिटरवर तेवढं दिसत होतं. नंदूने प्राणेशला फोन लावला. तो चुलतबहिणीच्या लग्नात होता, पण अशा गोष्टींत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याने नादस्वराच्या गदारोळातून निरोप बोलून पाठवला, नंदूच्या अटीप्रमाणे शुद्ध कन्नडमध्ये: "मोदलु हळे ड्रायव्हर हाकी. आमेले इन्नोंदु."

नंदू खूश झाला. मोदलु म्हणजे आधी. हळे म्हणजे हळू, हाकी म्हणजे हाका. आधी हळूच ड्रायव्हर हाकून द्या, मग दुसरा. काय अवघड आहे यात? त्याने पहिला ड्रायव्हर सावकाश काढून टाकला, मधे कॉफी घेतली, मग दुसरा काढला. मशीन पुन्हा सुरू केली. काळोख. त्याने कळवलं, की 'हाकी' झालं, तरी काळोखच. प्राणेशचं उत्तर आलं, "सरी. मत्ते हाकी."

बरं, पुन्हा हाका. आता मशीनमध्ये हाकायला काही उरलं नव्हतं, तरी नंदूने कानाकोपरे धुंडाळून ड्रायव्हरची उरलीसुरली पिलावळही हाकलली. पडद्यावर अमावास्याच होती. बाहेर समितीची मंडळी जमू लागली आणि नंदूच्या तोंडचं पाणी पळालं.

एवढ्यात कार्यालयाचे चिटणीस हणमंतराव आत डोकावले. "काय हो नंदू, झालं काय? स्वल्प उशीर दिसतंय."

"सगळं सांगितल्यासारखं केलंय अण्णा," नंदू म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने निरोप मोठ्याने लावला.

हणमंतरावांनी तो ऐकला. "मग हाकलं काय तुम्ही?"

"हाकलं की. दोन्ही ड्रायव्हर."

"मग आत असतील की."

"आत कसे असतील? हाकलं ना."

"हाकलं म्हणजे आतच की हो. भाजीत मीठ हाकलं तर जातंय कुठं?"

नंदूने निरोप पुन्हा लावून ऐकला. "हाकी म्हणजे हाकलून द्या ना?"

"तुमच्या पुण्यात. आमच्याकडं हाकी म्हणजे घाला. आणि हळे म्हणजे जुनं." हणमंतराव खुर्चीत टेकले आणि पोट धरून हसले. "त्यानं जुनं आधी घाला म्हटलं, तुम्ही दोघांना गावाबाहेर घालवलं."

नंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेलेल्याला दुकानात बसावं लागत नाही, नंदूला बसावं लागणार होतं. त्याने पेनड्राइव्ह लावला, आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर घातला, मशीन बंद करून सुरू केली, मग नव्याचा घातला. दोन्ही कार्डं एकमेकांना न चावता चालू लागली आणि पडद्यावर कार्यालय उजळलं.

समिती पुढच्या रांगेत बसली होती. मधोमध अध्यक्ष मालनबाई, हणमंतरावांच्या आई, कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सभागृह आवडलं, स्वयंपाकघर आवडलं, पंगतीची जागा तर दोनदा पाहिली. मग नंदूने अभिमानाने त्यांना पायऱ्यांशेजारच्या उतारावर नेलं. वयस्कर माणसांसाठी हा उतार त्याने आपणहून सुचवला होता. तिथे कन्नड पाटी होती: 'हळे होगी'.

'हळू जा' असं लिहिलंय, हे सांगायला नंदूने तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. होगी म्हणजे जा, ते बरोबर होतं. पण हळे म्हणजे जुनं, हे आताच तर कळलं होतं. जुन्यांनो, चालते व्हा. हणमंतराव सोडले तर समोर बसलेल्यांत सत्तरीच्या आतलं कोणी नव्हतं.

एक आजोबा चष्मा पुसून पाटी पुन्हा वाचू लागले. नंदूला पत्रिकांच्या शाईचा वास येऊ लागला.

"आई," हणमंतराव शेवटी म्हणाले, "ह्या पोराचं काय करायचं?"

मालनबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग नंदूकडे. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हाका त्याला," त्या म्हणाल्या.

नंदूचा हात वायरीकडे गेला आणि तिथेच थांबला. बेंगळुरूला आल्यापासून पहिल्यांदाच त्याने अंदाज केला नाही.

"आजी," त्याने विचारलं, "मराठीत की कन्नडमध्ये?"

"कन्नडात," मालनबाई म्हणाल्या. "मराठीत ती पाटी हाका."