काटा हिरव्यात

"अगं, तू माझ्याशी बोलतेस की त्या सिलिंडरशी?" मी विचारलं.

सुनेने मान वर केली. स्वयंपाकघराच्या मधोमध तिने आग विझवायचं लाल सिलिंडर उभं केलं होतं आणि मघापासून ती त्याच्याच डोक्यावरून हात फिरवत, त्याच्याच कानात सांगितल्यासारखी पुटपुटत होती. मी खुर्चीत, शेजारी माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा. आम्ही दोघं तिचे श्रोते. श्रोत्यांच्या वाट्याला आली होती ती फक्त तिची वेणी.

यात तिची चूक म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. सून सिलिंडर भरायच्या दुकानात कामाला. आत एक कोंदट खोली आहे. तिथे तोंडाला फडकं बांधून पावडर भरायची, झाकण आवळायचं, आत दाबाने वायू सोडायचा, आणि सिलिंडरच्या डोक्यावरच्या दाबाच्या इवल्याशा घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात आला की सिलिंडर बाजूला ठेवायचं. जोडीला दिवसभर माणूस नाही. जी बाई वर्षानुवर्षं लोखंडाच्या संगतीत राहिली, ती माणसांकडे तोंड करून बोलायला शिकणार कुठे? वर त्या पावडरीने तिला खोकला जडलेला. असातसा नाही, जिना चढताना कठडा धरून उभं राहायला लावणारा.

अशात दुकानातला प्रात्यक्षिकं दाखवणारा माणूस काम सोडून गेला. तो इमारतींमध्ये, कचेऱ्यांमध्ये जाऊन लोकांना आग कशी विझवायची ते शिकवायचा. मालकाने सुनेला सांगितलं की रविवारी एका मोठ्या इमारतीत कार्यक्रम आहे, तो तू करून दाखव. जमला तर हे काम कायमचं तुझं. नाही जमला तर मी बाहेरून माणूस आणतो, तू आपली पावडर भर.

पणाला काय लागलं होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या सुनेची छाती लागली होती.

बोलण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारं कुणी नाही. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेले नाही, पण माझं वाक्य मधे तोडून आजवर कुणी सुखाने घरी गेलेलं नाही. तेव्हा शिकवणी मीच घेतली. सुनेला म्हटलं, आवाज चढव. लोकांना आधी चांगलं घाबरव, म्हणजे ते जागे राहतात. आणि कुणी फिदीफिदी हसलं तर त्याचा असा पाणउतारा कर की त्याच्या सात पिढ्यांनी पुन्हा दात दाखवू नयेत. सुनेने सगळं मान हलवत ऐकलं. लग्न होऊन आल्यापासून तिचं हे असंच आहे. मान माझ्यासाठी हलवते आणि करते आपल्या मनातलं.

माझ्या समाधानासाठी तिने एकदा आवाज चढवून बघितला, तर उबळ आली आणि भाषणाऐवजी तिला पाणीच द्यावं लागलं. मग मी तिच्या पुढ्यातलं सिलिंडर काढून घेतलं, म्हणजे तरी ती आमच्याकडे बघेल. तर आता हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. कणीक मळल्यासारखे ते हवेतच चालू झाले.

एवढ्यात माझ्या मुलाने तोंड उघडलं. तो दुकानाचा टेम्पो चालवतो आणि महिन्याकाठी बोलतो तेवढं मी दात घासताना बोलते. तो बायकोला म्हणाला, "समोर माणसं आहेत असं समजूच नकोस. सिलिंडर आहेत, रांगेत भरायला ठेवलेले."

मी त्याला म्हटलं, बापाची अक्कल बरोब्बर उचललीस, आणि तीही टाचेत ठेवलीस. पण सून विचारात पडली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने साध्या आवाजात विचारलं की आपल्या घरात आग लागली तर तुम्ही आधी काय कराल. विचारलं आणि गप्प झाली. मला वाटलं, आता उत्तरही हीच देईल. देईना. नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात घाई नव्हती, धाकही नव्हता. मला आपली खुर्ची टोचायला लागली.

"आधी ह्याला उठवीन," मी मुलाकडे बोट दाखवून म्हटलं. "ह्याच्या उशीला आग लागली तरी हा नुसती कूस बदलेल."

सून हसली आणि मगच नवऱ्याकडे वळली. मी विचारलं, हे काय नवीन. तर म्हणाली, "काटा हिरव्यात आल्याशिवाय मी सिलिंडर खाली ठेवत नाही, आई. मग माणसाला तरी कशी सोडू?"

रविवारी मी टेम्पोत पुढे जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला बोलावणं लागत नाही. सुनेने एकच अट घातली, की तिथे मी एक शब्द बोलायचा नाही. मुलगा गालातल्या गालात हसला. मी म्हटलं, हसू नकोस, तुझ्या बापापुढे मी एकदा अख्खी दुपार गप्प बसले होते. तो म्हणाला, तेव्हा तुझी दाढ काढली होती.

इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. निम्मी माणसं मोबाइलमध्ये, उरलेली जांभया देण्यात. मालक खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा. मी शेवटच्या रांगेत बसले.

सून आली, सिलिंडर ओळीत लावायला वाकली, आणि आमच्याकडे पाठ करून तशीच बोलायला लागली. पुन्हा वेणी. माझी जीभ अशी खाजली म्हणून सांगू. पण दिलेला शब्द दिलेला. मी दोन्ही ओठ दातांत धरून बसले.

तिचं तिलाच उमगलं. वाक्य अर्धं टाकून ती वळली, हात पुसले, आणि पहिल्या रांगेतल्या बाईंना तिने तोच प्रश्न विचारला. मग गप्प. ती शांतता एवढी लांबली की खाली घातलेल्या माना एकेक करून वर यायला लागल्या. बाईंनी शेवटी सांगितलं की पाणी ओतीन. सुनेने कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि तेलाच्या आगीत पाणी गेलं की ती छतापर्यंत कशी उडते ते हाताने दाखवलं. बाईंचे डोळे मोठे झाले तेव्हाच ती पुढच्याकडे वळली. तो म्हणाला, मी लिफ्टने पळेन. लोक हसले. त्याच्या शेजारणीने त्याला सांगितलं की अडकाल, मी तर जिन्याने जाईन. बघता बघता माणसं एकमेकांशीच भांडायला लागली. भांडायला लागलं म्हणजे माणूस जागा झाला, एवढं मला कळतं.

तेवढ्यात मागून एक जाडजूड गृहस्थ बोलले, सोनेरी चष्म्यातले. "बाई, तुमचं भाषण आधी संपेल की आमची इमारत जळून?"

सगळे खो खो हसले. मालकाने घड्याळ बघितलं. माझ्या तोंडात त्या चष्म्यासाठी असं उत्तर तयार झालं होतं की बिचारा महिनाभर लिफ्टमध्ये कुणाला तोंड दाखवता ना. ते मी गिळलं. औषधसुद्धा मी इतकं मुकाट कधी गिळलेलं नाही.

लोकांचं हसणं ओसरेपर्यंत सून थांबली. मग म्हणाली, "साहेब, तुमच्या हातानेच संपवू या. या पुढे."

आणि तिने सिलिंडर त्यांच्या हातात दिलं. माझ्या मुलाने लोखंडी ट्रेमध्ये आग पेटवली. साहेब खटका दाबतात, दाबतात, काही निघेना. लोक हसणार, एवढ्यात सून म्हणाली की पहिल्यांदा सगळेच पिन काढायला विसरतात, मीही विसरले होते. पिन निघाली, पावडरीचा लोट सुटला, तर साहेबांचा नेम थेट ज्वाळांच्या शेंड्यावर. आग आपली मजेत. सुनेने त्यांचा हात हलकेच खाली केला. "वर नाही साहेब, बुडाशी. तिचं मूळ तिथे आहे." आग क्षणात बसली. साहेब पांढऱ्या झालेल्या चष्म्यातून नवरदेवासारखे चहूकडे बघायला लागले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी स्वतःही.

मी टाळ्या वाजवता वाजवता थांबले. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. घरात मी तोंडाचा पट्टा सुरू केला की ही माझ्या हातात काहीतरी आणून देते. कधी गुंतलेली लोकर, कधी शिवायला बटण, कधी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण. म्हणते, आई, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आणि इतकी वर्षं मी समजत होते की माझ्यावाचून हिचं पान हलत नाही.

राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. उलट हसू फुटलं, ते आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, माझा काटा हलला. त्यांना काही समजलं नाही.

आता प्रत्येकाला सिलिंडर हातात हवं होतं. मोबाइलवाले सगळ्यात पुढे. मालक माझ्या मुलाजवळ येऊन म्हणाला की पावडर भरायला आता मशीनच आणतो, हिला त्या खोलीत बसवणं परवडायचं नाही. मुलाने नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली, पण कानापर्यंत लाल झाला.

मलाही ते खटक्याचं काम करून बघायचं होतं. वाण्याच्या दुकानात घुसते तशी मी सरळ सगळ्यांच्या पुढे गेले आणि हात पुढे केला. सून नळी नीट करण्यात गुंतली होती. तिने वर न बघताच सांगितलं, "बाई, रांगेतून या."

माझा मुलगा काहीतरी बोलणार होता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पुढच्या गृहस्थांनी विचारलं की तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता. मी म्हटलं, मी इथली नाही, शिकायला आले आहे. पलीकडे पुन्हा आग पेटली, कुणीतरी घाबरून ओरडलं, कुणीतरी हसलं, आणि त्या सगळ्या गलक्यात मला तिथे पार टोकाला तिचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.