थंड खोलीतला पाचवा सेन्सर

मी एक जुना, काड्यापेटीएवढा सेन्सर आहे, मित्रांनो. भोईवाड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात लसी ठेवायची थंड खोली आहे. तिथल्या फळ्यांवर आम्ही सातजण बसतो. दर पाच मिनिटांनी आपापल्या जागेचं तापमान बिनतारी संदेशाने संगणकाला कळवायचं, एवढंच आमचं काम. लसींना दोन ते आठ अंशांचीच थंडी मानवते.

माझा नंबर पाचवा. पहिली तीन वर्षं माझं कौतुक झालं. मग एकदा बॅटरी उतरली आणि मी भलतंच बरळलो, सत्तर अंश. भांडार सांभाळणारे सीतारामकाका पोट धरून हसले. बॅटरी बदलली, पण गेलेलं नाव काही परत आलं नाही.

गेल्या मार्चात, बाळांच्या लसीकरण शिबिराच्या आदल्या सकाळी, माझ्या अंगाला ऊब लागली. मी सहा अंश कळवले, मग सात, मग नऊ. बाकीचे सगळे चाराच्या आसपासच होते. संगणकाने मला सदोष ठरवून लाल फुली मारली. फार वाईट वाटलं. ओरडायला मला आवाज नाही. मी आपला खरं तेच सांगत राहिलो.

देखभालीसाठी आलेल्या अनुजाताईंना ती फुली दिसली. सीतारामकाका म्हणाले, "बाय, ह्येका खोटा बोलूची सवय आसा. काढून टाक."

अनुजाताई मात्र आकडे न्याहाळत होत्या. "काका, बिघडलेला सेन्सर कशाही उड्या मारतो. हा पायरी पायरीने चढतोय. आणि शेजारचा सहावाही अर्ध्या अंशाने वर सरकलाय."

त्यांनी साधा तापमापक आणून माझ्याशेजारी ठेवला. त्यानेही नऊच दाखवले. दाराच्या कोपऱ्यातलं रबर सुटलं होतं आणि बाहेरची गरम हवा थेट माझ्या फळीवर येत होती. काकांनी भराभर खोकी आतल्या फळीवर हलवली. बाटल्यांवरच्या उष्णता टिपणाऱ्या खुणेचा रंग बदलला नव्हता, म्हणजे लस शाबूत होती. दुसऱ्या दिवशी शिबिरात बाळांनी यथेच्छ भोकाड पसरलं म्हणे.

"चुकलंय रे मी," काका मला रुमालाने पुसत म्हणाले. आता एखाद्याचा आकडा निराळा आला, की संगणक आधी शेजाऱ्यांचे आकडे पाहतो आणि मग माणसाला हाक मारतो. अनुजाताईंनी त्याला तसं शिकवलंय.

मित्रांनो, आम्हाला तपासा, चुकलो तर दुरुस्त करा. पण चौघांहून निराळं कुणी सांगत असेल, तर त्याला खोटं ठरवण्याआधी चार पावलं चालून त्याच्या फळीपाशी या.