ओळंबा कुणाचं ऐकतो?

"हलला! अगं बाई, हलला!"

दारात, खिडकीत, जिन्यावर माणसंच माणसं. आत टेबलावर दोन कागद: उजवीकडे 'कॉलेज', डावीकडे 'बांधकाम'. त्यांच्या मधोमध आईनं दोरीला बांधलेला पितळी ओळंबा धरला होता. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी वापरतात तो. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा. आणि तो 'कॉलेज'कडे झुलत होता, आधी केसभर, मग चांगला वीतभर.

"मी हात तरी लावला का?" दोरीवाले महाराज दोन्ही तळवे दाखवत म्हणाले. "आत्मा म्हणजे लहर, लहर म्हणजे कंप, आणि कंप म्हणजे साक्षात तुमचे यजमान! शुद्ध विज्ञान आहे, माते."

"जिवंतपणी एका प्रश्नाला सरळ उत्तर देत नव्हते," शेजारची मावशी डोळे पुसत म्हणाली, "आता बघा कसे घडाघडा बोलतायत!"

मुलगी भिंतीला टेकून बघत होती. नुकतीच दहावी झालेली. तंत्रशाळेत बांधकामाच्या वर्गात तिला जागा मिळाली होती. उद्या प्रवेश घेतला नाही, तर ती जागा जाणार होती. पण बाबा इमारतीच्या परांचीवरून पडून गेल्यापासून आई या विषयावर तोंडच उघडत नव्हती. "ते असते तर सांगितलं असतं," एवढंच. म्हणून मुकादमांनी महाराजांना आणलं होतं. बाबा पडले ते मुकादमांच्याच कामावर. या घरासाठी काहीतरी करायला हवं, असं ते चारचौघांत सांगत.

बाबा कधी ओळंबा हातात धरून ठेवत नसत. खिळ्याला अडकवत. "हात गप्प बसत नाही गं," म्हणत. हे आत्ता ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. पण आईच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी रंग आला होता. हे मोडलं, तर बाबा दुसऱ्यांदा जाणार. नाही मोडलं, तर पुढचं सगळं आयुष्य ही दोरी ठरवणार.

"आई, पुन्हा विचार. डोळे मिटून."

"मुलीची श्रद्धा बघा!" महाराज खूश झाले आणि त्यांनीही ध्यान लावलं. सगळ्यांच्या देखत मुलीनं दोन्ही कागदांची अदलाबदल केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

ओळंबा पुन्हा उजवीकडेच झुलला. महाराजांनी डोळे उघडून कागद वाचला आणि क्षणभरही न अडखळता गर्जले, "मत बदललं! बांधकाम!"

आईनं खाडकन डोळे उघडले. "खोटं! हे ते कधीच म्हणणार नाहीत!"

मुलगी पुढे झाली.

"कागद मी बदलले, आई. बाबा बोलत असते, तर ओळंबा 'कॉलेज'च्या कागदाकडे गेला असता. तुझ्या मनात तो कागद जिथे होता, तिकडे तो गेला. बोटं नकळत इवलीशी हलतात, दोरीच्या टोकाला त्याचा झोका होतो. तू फसवत नव्हतीस. तुलाही कळत नव्हतं."

तिनं ओळंबा चौकटीच्या खिळ्याला अडकवला. "विचारा, महाराज."

महाराजांनी विचारलं. आवाज चढवून विचारलं. मग हात जोडून विचारलं. ओळंबा ढिम्म. जिन्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"म्हणजे ते... काहीच बोलत नव्हते?"

"नाही, आई."

आई खाली बसली. मग म्हणाली, "तर मग मीच सांगते. माझं आणखी एक माणूस परांचीवर चढायला नको."

"हे तू मला सांगायला हवं होतंस. भांडलो असतो, रडलो असतो, पण आपण दोघी बोललो असतो." मुलगी आईशेजारी बसली. "बाबा काय म्हणतात, हे ऐकायला अख्खी गल्ली जमली. बाबा पडले का, हे एकानंही विचारलं नाही. त्याचं उत्तर द्यायला आत्मा लागत नाही, आई. त्या वर्गात वर चढण्याआधी कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधायला शिकवतात. बाबांच्या कमरेला पट्टा नव्हता. इथून विचार करूया. मग तू कॉलेज म्हणालीस, तरी मी ऐकून घेईन."

दाराशी मुकादम चपला शोधत होते. आईनं मान वर केली.

"भावजी," ती म्हणाली, "पट्टा का नव्हता हो?"