कड्यावरचे एकटे झाड

मित्रांनो, मी एक जुने शंकुधारी झाड आहे. आमचे बरेचसे नातलग थंड मुलखात राहतात. आमची जात मात्र उष्ण प्रदेशातली, ढग टेकतात अशा डोंगरमाथ्यांवर वाढणारी.

एके काळी हा सारा माथा आमच्या भाऊबंदांनी भरलेला होता. आमचे लाकूड सरळ आणि नितळ. त्याची दारे झाली, कपाटे झाली. लोक तोंड भरून कौतुक करत आणि करवती घेऊन पुन्हा वर येत. मी उभे अगदी कड्याच्या टोकाशी. पाडले तर थेट दरीत जाणार, म्हणून तेवढे वाचले.

आमच्यात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. मी मादी. माथ्यावरचे शेवटचे नर झाड पडले आणि माझे बी पोकळ निघू लागले.

पुढे एक वनस्पती संशोधक बाई आल्या. आमची जात नामशेष होण्याच्या काठावर आहे, असे त्यांच्या पाहणीत ठरले. मला कुंपण मिळाले, पाटी मिळाली. पण कुंपणातून पराग थोडेच येतात! बाईंनी डोंगर पालथे घातले, तेव्हा दूरच्या एका माथ्यावर एक नर झाड सापडले. त्याचे पराग त्यांनी पुडीत बांधून आणले. अडचण एकच: शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच त्यांना गरगरायचे. मग त्यांनी धाकट्या भावाला बोलावले. तो उंच इमारती रंगवायचा. दोर बांधून, ब्रश घेऊन तो माझ्या शेंड्यापर्यंत पोचला.

"भिंत निदान डुलत तरी नाही गं," तो वरून म्हणाला.

पराग लावून तो उतरला, तोच ढग दाटले. पावसाने सगळे धुऊन नेले.

"पुढच्या वर्षी येशील?" बाईंनी हळूच विचारले.

"रंगाचा एक हात कधी पुरतो का, ताई?"

तो आला. या खेपेला त्याने पाऊस लागू नये म्हणून फांद्यांवर पिशव्याही बांधल्या. बी धरले, तेव्हा बाईंनी एक कापून पाहिले. आत पांढराशुभ्र गर होता. त्या माझ्या बुंध्याला टेकून बसल्या आणि डोळे पुसत राहिल्या.

मित्रांनो, मला कोणी तोडले नाही म्हणजे आमची जात वाचली, असे समजू नका. एकट्या झाडाचे आयुष्य निघते, जातीचे निघत नाही. खालच्या उतारावर आता माझी काही रोपे लावली आहेत. त्यांत नर किती, मादी किती, हे कळायला बरीच वर्षे लागतील. तोवर इकडे आलात, तर पाऊल जपून टाका. ती अजून गवताएवढीच आहेत.